दोन मापांचे रूळ आणि एक करार

लखनौच्या चारबाग भागात रेल्वेची दोन स्थानके शेजारी शेजारी उभी आहेत. एक घुमटांनी व छत्र्यांनी नटलेले प्रसिद्ध चारबाग स्थानक. त्याच्या इमारतीची पायाभरणी १९१४ साली झाली. दुसरे लखनौ जंक्शन. त्याला तेथील लोक ‘छोटी लाइन’ म्हणत आले. पहिल्याचे रूळ साडेपाच फूट अंतराचे, दुसऱ्याचे एक मीटरचे. त्यामुळे एका लाइनीवरील वाघीण दुसऱ्या लाइनीवर जाणे शक्यच नव्हते. माल उतरवावा, हमालांनी तो पलीकडे न्यावा आणि दुसऱ्या वाघिणीत पुन्हा भरावा, एवढाच मार्ग होता. आपल्याकडे मनमाड आणि मिरज या ठिकाणीही रुळांचे माप बदलत असे, आणि तेथील जुन्या लोकांना हा खटाटोप चांगलाच आठवत असेल.

ह्या अडचणीवर रेल्वेने अखेरीस जो उपाय योजिला तो एकरूपतेचा होता. १९९२ साली युनिगेज योजना हाती घेण्यात आली आणि मीटरगेजचे मार्ग मोठ्या प्रमाणावर रुंद करण्यात आले. छोट्या लाइनीचे रूळही रुंद झाले. तिचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. एका धन्याच्या मालकीचे रूळ असले म्हणजे असा उपाय करता येतो. परंतु धनी अनेक असतील आणि कोणीच आपले माप सोडावयास तयार नसेल, तर काय करावे?

नेमका हाच प्रश्न १९६९ साली अमेरिकेत आर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे सुरू झाले तेव्हा उभा राहिला. त्या जाळ्यातील यंत्रे निरनिराळ्या घराण्यांची होती. एकाचा शब्द छत्तीस बिटांचा, तर दुसऱ्याचा बत्तीस बिटांचा. रोमन लिपीतील ‘ए’ हे मोठे अक्षर एक यंत्र ६५ ह्या अंकाने लिही, तर दुसरे १९३ ह्या अंकाने. एकाची फाइल दुसऱ्याकडे जशीच्या तशी पाठविली, तर तिचा अर्थ लागण्याची खात्री नसे.

हा तिढा सोडविण्यास पुढे आलेला तरुण चारबागच्याच प्रदेशातला होता. अभय भूषण ह्यांचा जन्म अलाहाबादचा. चारबागहून सुमारे सत्तर किलोमीटरवरील कानपूर शहरात नव्याने निघालेल्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. त्या संस्थेत १९६३ साली आय. बी. एम. १६२० हा संगणक आला, आणि १९६५ साली ते पदवीधर होऊन बाहेर पडले. पुढे अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत असताना, एप्रिल १९७१ मध्ये, त्यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. अभिप्रायासाठी सर्वांपुढे ठेवावयाच्या टिपणांच्या मालिकेतील ते ११४ वे होते. त्याचा विषय फाइलींच्या ने-आणीचे नियम, म्हणजेच एफ. टी. पी.

ह्या नियमांनी कोणालाही आपले यंत्र बदलावयास सांगितले नाही. घरात प्रत्येकाने आपली रीत पाळावी. वेशीवर मात्र सर्वांनी एक भाषा बोलावी, एवढेच मागणे होते. पुढे अनेकांच्या हातून सुधारणा होत होत १९८५ साली त्यांना जे रूप आले, त्यात दोन जोडण्या असतात. एकीवरून हुकूम जातात, दुसरीवरून प्रत्यक्ष माल. स्टेशनमास्तराने ब्लॉक यंत्रावरून ‘लाइन क्लिअर’ घ्यावी आणि मग गाडी रुळावरून सुटावी, तसाच हा प्रकार. माल सुखरूप पोचला की पलीकडून २२६ हा अंक येतो. ती एक प्रकारची पोचपावतीच होय. मजकूर पाठविताना त्याच्या ओळींची रचना पलीकडच्या यंत्रास मानवेल अशी बदलता येते; चित्र मात्र तसूभरही न बदलता पाठवावे लागते. चित्रालाच मजकूर समजून धाडले, तर ते पलीकडे बिघडून पोचण्याचा धोका असतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह प्रमुख शहरांत इंटरनेट सर्वांना खुले केले. त्यानंतर आपले संकेतस्थळ उभारू पाहणाऱ्यांपुढे हीच वाट होती. पाने घरी तयार करावयाची, यजमान सर्व्हरचे नाव, आपले नाव व परवलीचा शब्द द्यावयाचा, आणि एकेक फाइल तिकडे चढवावयाची. ह्या रीतीत एक मोठा गुण होता: अस्सल प्रत आपल्याजवळ राही, दूर जाई ती नक्कल. सर्व्हर बुडाला, तरी दुसरा पाहून तीच पाने तेथे पुन्हा चढविता येत.

दोषही तितकाच मोठा होता. परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे वाटेत कोणालाही वाचता येई. ज्या जाळ्यात सारे एकमेकांच्या ओळखीचे, त्यासाठी हा करार झाला होता. बाजार भरल्यावर तो पुरेसा ठरला नाही. १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू युलोनेन ह्यांनी एस. एस. एच. ही सुरक्षित जोडणी तयार केली. तिच्या आधाराने निघालेल्या एस. एफ. टी. पी. ह्या पद्धतीने हळूहळू जुन्या पद्धतीची जागा घेतली. २०२१ साली क्रोम व फायरफॉक्स ह्या ब्राउझरांनीही एफ. टी. पी.ला निरोप दिला.

साधन जुने झाले म्हणून खंत करण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो वेगळ्याच गोष्टीचा. आज आपले लेखन व आपली छायाचित्रे आपण थेट एखाद्या कंपनीच्या कोठारात ठेवतो, आणि पुष्कळदा घरी अस्सल प्रत उरत नाही. जिओसिटीज ही लक्षावधी लोकांची पाने सांभाळणारी सेवा २००९ साली बंद पडली, तेव्हा ज्यांनी प्रत राखली होती त्यांचेच लेखन निश्चितपणे वाचले. एक रूळ, एक धनी ही व्यवस्था सोयीची खरी. पण तो रूळ उखडला गेला, तर प्रवाशाजवळ काय उरते? आपल्या मजकुराची एक प्रत आपल्या घरी असावी, आणि ती कोणत्याही लाइनीने नेता यावी. भूषण ह्यांच्या त्या टिपणापासून चालत आलेल्या रीतीने सामान्य माणसाच्या हाती एवढे स्वातंत्र्य दिले होते. नव्या साधनांची निवड करताना ते जपणे आपल्याच हाती आहे.