पिवळा दिवा आमच्या जिल्ह्यात उशिरा का लागला?

गाडीची चावी फिरवली की समोरच्या पाटीवर इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तो विझलाच नाही, तर आमच्या वडशात, आरमोरीत किंवा गडचिरोलीत दोनच सल्ले मिळतात. एक, ‘चालवत राहा, काही होत नाही.’ दुसरा, ‘बॅटरीची वायर काढून परत लावा, दिवा जाईल.’ हे सल्ले देणारे अडाणी नाहीत. पंचवीस-तीस वर्षं इंजिनं उघडून पुन्हा बसवणारे ते उस्ताद आहेत. नुसत्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह सैल आहे, हे ते सांगतात. मग एवढ्याशा दिव्यापुढे त्यांचं ज्ञान का थांबतं? दोष त्यांच्या हुशारीत शोधण्याआधी या दिव्याचा इतिहास पाहायला हवा.

आधी यंत्र समजून घेऊ. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं. हवा जास्त झाली, तर नायट्रोजनचे ऑक्साइड आवरत नाहीत. या तिन्ही विषांवर उतारा म्हणून धुराच्या नळीत एक डबा बसवतात. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ लेप असतो. तापलेल्या जाळीतून जाताना विषारी वायूंचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत होतं.

पण हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडलं, तर डबा नीट काम करत नाही. म्हणून त्याच्या आधी ऑक्सिजन सेन्सर असतो. झिर्कोनियाच्या या छोट्या टोपीला एका बाजूने बाहेरची हवा लागते, दुसऱ्या बाजूने धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून थोडी वीज तयार होते. पेट्रोल जास्त असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, कमी असेल तर ०.१. गाडीतला संगणक हा आकडा पाहून पेट्रोल कमी-जास्त करतो. डब्यानंतर दुसरा सेन्सर असतो. डबा काम करत असेल, तर दुसऱ्या सेन्सरचा आकडा फारसा हलत नाही. तो पहिल्यासारखाच वरखाली होऊ लागला की डबा निकामी झाल्याचा संगणकाला संशय येतो आणि पिवळा दिवा लागतो. हा दिवा इतर बिघाडांतही लागतो, पण कायद्याने तो गाडीत आणला तो धुरावर पहारा ठेवण्यासाठी.

हा पहारा सुरू झाला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. तिथल्या कडक नियमांसाठी व्होल्वो कंपनीने १९७६-७७च्या सुमारास बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आणि तिहेरी काम करणारा कन्व्हर्टर गाडीत एकत्र बसवला. १९८८पासून कॅलिफोर्नियाने बिघाडाची सूचना देणारा दिवा सक्तीचा केला आणि १९९६पासून सगळ्या अमेरिकेत एकसारखे बिघाड-क्रमांक लागू झाले.

त्या काळात आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी धावत होती. तिला कार्ब्युरेटर होता. स्क्रू फिरवून पेट्रोलचं प्रमाण कानाने जुळवायचं. आपल्या मिस्त्रींची सगळी विद्या या स्क्रूभोवती घडली.

बदल न्यायालयातून आला. दिल्लीच्या वाहनांच्या धुराविरुद्ध एम. सी. मेहता यांनी १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या सुनावण्या वर्षानुवर्षं चालल्या. १ एप्रिल १९९५पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यासोबत तिथे शिसेविरहित पेट्रोलही आलं. ही जोडी आवश्यकच होती, कारण शिसं जाळीवर बसलं की डबा कायमचा निकामी होतो. म्हणजे त्या वर्षी मुंबईत घेतलेली नवी गाडी गावाकडे आणली आणि इथलं शिसंयुक्त पेट्रोल तिच्यात भरलं, की कायद्याने बसवलेला डबा मरणार. एकाच देशात दोन प्रकारचं पेट्रोल होतं. शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० रोजी.

पुढचा नकाशाही असाच तुकड्यातुकड्यांनी रंगला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००२मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला. आधी मोठी शहरं आणि मग उरलेला देश, असा तिचा क्रम होता. त्यामागे कारणही होतं. इंधनातलं गंधक काढायला तेलशुद्धीकरण कारखान्यांत मोठा खर्च येतो आणि सगळे कारखाने एका दिवसात बदलत नाहीत. एप्रिल २०१०मध्ये ‘भारत स्टेज ४’ १३ शहरांत लागू झालं. महाराष्ट्रातली शहरं होती मुंबई, पुणे आणि सोलापूर. त्या पेट्रोलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत होतं. ‘स्टेज ३’च्या पेट्रोलमध्ये ते १५० चालत असे. गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून दिवा लावण्याचा नियमही ‘स्टेज ४’सोबत आला आणि २०१३मध्ये तो आणखी कडक झाला.

या १३ शहरांत चंद्रपूर नव्हतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले होते आणि देशात त्याचा क्रमांक चौथा होता. औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. चंद्रपूरची हवा मुख्यतः गाड्यांमुळे बिघडलेली नाही, असं यावर कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण ज्याच्या छातीत आधीच कोळशाची धूळ आहे, त्याला गाडीच्या धुरापासून सर्वांत आधी वाचवायला नको का? कुणाच्या फुप्फुसावर आधीच किती भार आहे, हा प्रश्न चंद्रपूरला त्या यादीत नेऊ शकला नाही. १९८२मध्ये चंद्रपुरातूनच वेगळा झालेला आमचा गडचिरोली जिल्हा तर ‘उरलेला देश’ या दोन शब्दांत मावून गेला.

उरलेल्या देशाची पाळी १ एप्रिल २०१७ रोजी आली. तीन दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने ‘स्टेज ३’च्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा देशात अशा सुमारे ८ लाख गाड्या विकायच्या शिल्लक होत्या आणि त्यांत बहुतेक दुचाकी होत्या. शेवटच्या दोन दिवसांत भरघोस सूट देऊन त्यांतल्या बऱ्याच खपवल्या गेल्या. जुनी गाडी शहरातून गावाकडे येते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. शहराने टाकलेलं यंत्र आपल्याकडे अजून पंधरा वर्षं चालतं.

‘स्टेज ५’ वगळून थेट ‘स्टेज ६’ आणायचं सरकारने २०१६मध्येच ठरवलं होतं. १ एप्रिल २०२० रोजी मुंबईला आणि गडचिरोलीला नव्या गाड्यांसाठी एकच नियम एकाच दिवशी लागू झाला. पेट्रोलमधलं गंधक १० भागांवर आलं. टाळेबंदीमुळे त्या दिवशी रस्ते रिकामे होते. दुचाकींचे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आणि सेन्सर आले, आणि हा पिवळा दिवा भाजीवाल्याच्या मोटारसायकलवरही दिसू लागला.

म्हणजे महानगरातल्या मिस्त्रीला कन्व्हर्टर, इंजेक्शन, सेन्सर आणि स्कॅनर एकामागून एक समजून घ्यायला पंचवीस वर्षं मिळाली. आमच्याकडे ते सगळं जवळजवळ एकदम आलं. कायद्याने यंत्र पाठवलं, शिकवणी मात्र पाठवली नाही. मग काही ठिकाणी डबा कापून भंगारात विकला जातो, कारण आतल्या धातूंना भाव आहे. दिवा गप्प करणं हाच दुरुस्तीचा अर्थ होऊन बसतो.

माझ्या वर्गात बसलेली काही मुलं आज गॅरेजमध्ये आहेत. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर आता त्यांच्या आवाक्यात आहे. अडचण पुढे येते. पडद्यावर ‘पी ०४२०’ असा क्रमांक आणि त्याखाली इंग्रजी ओळ दिसते. ती जेमतेम वाचून मुलगा थेट डबा बदलायला सांगतो आणि गिऱ्हाईक हजारो रुपयांच्या भीतीने पळून जातं. हा क्रमांक डबा कमी काम करतो आहे, एवढंच लक्षण सांगतो. नळीला चीर असेल, सेन्सर थकला असेल, तरीही तोच क्रमांक येऊ शकतो. दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी. लुकलुकत असेल, तर बहुधा पेट्रोल न जळता डब्यात जाऊन तो भाजतो आहे. वेग कमी करून गाडी थांबवावी. एवढी माहिती गॅरेजच्या भिंतीवर मराठीत आणि उर्दूत लिहिलेली असती, तर कितीतरी डबे आणि कितीतरी पैसे वाचले असते.

भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला एक गोष्ट आशादायक वाटते. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, ‘उस्ताद’ आणि ‘शागिर्द’ फारसीतून आले, ‘गॅरेज’ इंग्रजीतून. या धंद्याने प्रत्येक परकं यंत्र त्याच्या नावासकट आपलंसं केलं आहे. कार्ब्युरेटर तरी कुठे आपला होता? आयटीआयचे वर्ग, शाळा आणि गॅरेज यांनी मिळून बिघाड-क्रमांकांचे मराठी आणि उर्दू तक्ते करावेत. तालुक्याच्या ठिकाणी जुन्या उस्तादांसाठी दोन-दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत. कानाने इंजिन ओळखणाऱ्या माणसाला सेन्सरचा आकडा वाचायला फार दिवस लागणार नाहीत.