उकळत्या पाण्याचा वारसा

घरगुती उपायांचा इतिहास बखरींत सापडत नाही. तो सासूकडून सुनेकडे, चुलीपाशी चालत येतो. आमच्या खडकवासल्याच्या पाण्याचेच उदाहरण घ्यावे.

दिनांक 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचा जुना दगडी बांधही भेदला आणि पुण्याचे नळ कोरडे पडले. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवावा, गाळ बसू द्यावा, वरचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे, ही रीत आमच्या मातोश्रींना सासूबाईंकडून मिळाली होती. परंतु एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. ‘निवळलेले पाणी दिसायला चांगले, प्यायचे ते उकळूनच,’ असे त्या पुढेही आम्हांस बजावीत.

शास्त्रही हेच सांगते. तुरटीने मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. रोगजंतू मात्र सर्वस्वी नाहीसे होत नाहीत. ते मरतात खळखळून आलेल्या उकळीने.

जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या परिसरात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण आढळले. दूषित पाण्याचा संशय आला व पाणी उकळून पिण्याचे आवाहन झाले. नळाच्या भरवशावर माझ्याही घरी ही रीत सुटली होती, हे सांगताना संकोच वाटतो.

तरी ज्ञातिबंधुभगिनींनी पाणी उकळावे, झाकून ठेवावे, लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. आणि हा वारसा लेकीसुनांइतकाच मुलांनाही द्यावा, ही विनंती.