गीतकाराचें ऋषिऋण

मनुष्य जन्मास येतो तो देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें माथीं घेऊनच, असें आपलीं शास्त्रें सांगतात. ह्यांपैकीं ऋषिऋण अध्ययनानें फिटतें. म्हणजे पूर्वसूरींनीं जें रचिलें, तें आपल्या मुखानें पुनःपुन्हां म्हटल्यानें फिटतें. अमेरिकन गीतकार बॉब डिलन ह्याचें चरित्र पाहतां आम्हांस ह्या वचनाचें स्मरण होतें.

1961 च्या आरंभीं हा एकोणीस वर्षांचा तरुण मिनेसोटा प्रांत सोडून न्यूयॉर्कास आला. लोकगायक वुडी गथ्री हें त्याचें दैवत. गथ्री त्या वेळीं दुर्धर मज्जाविकारानें रुग्णालयांत पडून होता. डिलन तेथें जाई आणि त्याचींच गाणीं त्यास म्हणून दाखवी. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत डिलनच्या पहिल्या तबकडीचें मुद्रण झालें व मार्च 1962 मध्यें ती प्रसिद्ध झाली. तींतील 13 गीतांपैकीं त्याचीं स्वतःचीं अवघीं 2. बाकीचीं जुनीं लोकगीतें व पूर्वीच्या गायकांचे ब्लूज. त्या दोहोंतील एक गीत गथ्रीस उद्देशून लिहिलेलें, आणि त्याची चालहि गथ्रीच्याच एका गीताची!

परंतु सर्वच ऋण इतक्या मोकळेपणानें घेतलेलें नव्हतें. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' ह्या जुन्या गीताची स्वरयोजना डिलननें आपला स्नेही डेव्ह व्हॅन राँक ह्याजपासून उचलली, आणि मुद्रण होऊन गेल्यावर मग अनुमति विचारली. व्हॅन राँक स्वतः तें मुद्रित करणार होता. पुढें लोक त्यालाच डिलनचा अनुकारक म्हणूं लागले, तेव्हां त्यानें तें गाणें सोडून दिलें. 1964 मध्यें अ‍ॅनिमल्स ह्या इंग्रज वाद्यवृंदानें तेंच गीत जगभर गाजविलें, आणि डिलनवरहि तीच पाळी आली, असें व्हॅन राँकच सांगत असे.

तीस वर्षें लोटलीं. 1990 च्या संग्रहाचें स्वागत थंडपणें झालें. नवें सुचेनासें झालें कीं लेखक बहुधा स्वतःचेंच अनुकरण करूं लागतो. डिलन मात्र पुन्हां गुरुगृहीं गेला. 1992 व 1993 मध्यें त्यानें जुन्या गीतांचे दोन संग्रह काढले. साथीस दुसरें कोणी नाहीं; स्वतःची गिटार व हार्मोनिका एवढेंच. पहिल्या संग्रहांत गीतांची योजना आपली म्हणून त्यानें दिली. ती इतरांची असल्याचा ठपका टीकाकारांनीं ठेविला. दुसऱ्या संग्रहास, 'वर्ल्ड गॉन राँग' ह्यास, त्यानें स्वतः टिपण जोडलें आणि गीतें कोणाकोणापासून मिळालीं तें नांवें घेऊन सांगितलें. व्हॅन राँकच्या प्रसंगीं जें राहून गेलें, तें येथें घडलें असें आम्हांस वाटतें.

1997 मध्यें त्याचा स्वरचित गीतांचा नवा संग्रह निघाला व पुढील वर्षीं त्यास ग्रॅमीचा सर्वश्रेष्ठ संग्रहाचा मान मिळाला. 2016 मध्यें त्यास वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक लाभलें. जुनीं गाणीं अखंड म्हणत राहिल्यानेंच आपणांस आपलीं सुचलीं, असें त्यानें 2015 मधील एका भाषणांत सांगितलें होतें.

पूर्वजांपासून घेणें ह्यांत उणेपणा नाहीं. तसें न घेतां कोणीहि कवि झालेला नाहीं. उणेपणा आहे तो धनकोचें नांव गिळण्यांत. दुसऱ्याचें गाणें आपल्या कंठानें गावें आणि त्याचें नांव आपल्या लेखणीनें लिहावें, ह्या दोन्ही गोष्टी झाल्या म्हणजेच ऋषिऋण फिटतें. डिलनला ह्यांतील पहिली गोष्ट विसाव्या वर्षीं साधली; दुसरी साधावयास पन्नाशी उलटावी लागली.