शून्य-सोळा : डेट्रॉइट लायन्सचा २००८चा हंगाम

या मालेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा पराभव मात्र मैदानावरचा आहे, खेळाच्या मैदानावरचा. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये २००८ साली डेट्रॉइट लायन्स हा संघ सोळा सामने खेळला आणि सोळाही हरला. सोळा सामन्यांच्या हंगामात असं त्याआधी कुणाचंच झालं नव्हतं.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, म्हणून दोन शब्दांत सांगतो. अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाने चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला. म्हणजे एकेक टेकडी घेत पुढे जायचं. म्हणूनच फौजी माणसाला हा खेळ लवकर कळतो.

गंमत अशी, की हंगामापूर्वीचे चारही सराव सामने लायन्सनी जिंकले होते. सराव आणि युद्ध यांतला फरक पहिल्याच रविवारी कळला. अटलांटाचा नवखा क्वार्टरबॅक मॅट रायन याने आपल्या कारकिर्दीतला पहिला पास टाकला आणि त्याचाच बासष्ट यार्डांचा टचडाऊन झाला. तो सामना ३४-२१ असा गेला.

पण सोळाच्या सोळा सामन्यांत संघ चिरडला गेला असं समजू नका. शिकागोविरुद्ध २७-२३, मिनेसोटाविरुद्ध २०-१६, ह्यूस्टनविरुद्ध २८-२१. टॅम्पा बेविरुद्ध तर १७-० अशी आघाडी होती, तीही गेली. सगळ्यात लक्षात राहिलेला सामना १२ ऑक्टोबरचा, मिनेसोटातला. लायन्सचा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की आपल्याच गोलक्षेत्रात उभा होता. अंगावर येणाऱ्या खेळाडूला चुकवण्यासाठी तो मागे धावला आणि मैदानाची मागची रेषा ओलांडून बाहेर गेला. नियमाप्रमाणे समोरच्या संघाला दोन गुण मिळाले. शेवटचा गुणफलक होता १२-१०. म्हणजे हार झाली ती बरोबर दोन गुणांनी.

अमेरिकेत आजही त्या एका चित्रफितीवर लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं फार दिसत नाही. पराभवाचं खापर शेवटच्या जवानावर फोडणं सगळ्यात सोपं असतं. त्याला तिथे कुणी आणि कशाच्या जोरावर उभं केलं, हा खरा प्रश्न. त्यासाठी सात वर्षं मागे जावं लागतं.

संघाचे मालक विल्यम क्ले फोर्ड, म्हणजे मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्ड यांचे नातू. २००१ साली त्यांनी संघाचा सगळा कारभार मॅट मिलन यांच्या हाती दिला. मिलन खेळाडू म्हणून नावाजलेले, चार सुपर बोल विजेत्या संघांत खेळलेले, नंतर टीव्हीवरचे लोकप्रिय समालोचक. पण संघ बांधण्याचा, खेळाडू निवडण्याचा अनुभव शून्य. चांगला सैनिक चांगला क्वार्टरमास्टर होईलच असं नाही, तसलाच हा प्रकार.

दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं मिलन यांनी पहिल्या फेरीत पास झेलणारा खेळाडूच घेतला. त्यातले दोघे वाया गेले. २००७ मध्ये पुन्हा तसाच एक घेतला, कॅल्विन जॉन्सन. तो मात्र अस्सल हिरा निघाला. २००८च्या त्या पडझडीतही त्याने बारा टचडाऊन केले. पण झेलणारे कितीही आणले तरी फेकणाऱ्याला सांभाळणारी फळी आणि बचाव कच्चा असेल तर उपयोग काय? त्या हंगामात लायन्सवर ५१७ गुण चढले.

२००१ ते २००३ या तीन हंगामांत संघाने परगावी एकही सामना जिंकला नाही. तरी २००५ मध्ये मिलन यांचा करार वाढवला गेला. त्याच डिसेंबरात चाहत्यांनी स्टेडियमबाहेर मोर्चा काढला. या काळात प्रशिक्षक बदलत राहिले, पण निवडणारा तोच राहिला.

इथे मला १९४३चं ट्युनिशिया आठवतं. फेब्रुवारीत कॅसरीन खिंडीत जर्मनांनी अमेरिकन फौजेला झोडपलं. आयझेनहॉवर यांनी कोअर कमांडर फ्रेडेंडॉल यांना काही आठवड्यांत बाजूला केलं आणि मार्चमध्ये पॅटन यांना आणलं. त्याच महिन्यात एल गेतारला त्याच कोअरने जर्मन चिलखती हल्ला परतवला. जवान तेच होते. डेट्रॉइटमध्ये हाच निर्णय व्हायला सात वर्षं लागली. मिलन यांना २४ सप्टेंबर २००८ रोजी दूर केलं, तेव्हा त्यांच्या खात्यावर ३१ विजय आणि ८४ पराभव होते. फोर्ड यांची निष्ठा मोठी होती, हे मान्य. पण वरच्या माणसावर दाखवलेल्या निष्ठेची किंमत खालची माणसं मोजतात.

ती किंमत मुख्य प्रशिक्षक रॉड मॅरिनेली यांनीही मोजली. व्हिएतनाममध्ये सैनिक म्हणून राहिलेला हा माणूस. बचावाचे प्रशिक्षक त्यांचे जावईच होते. डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सकडून ४२-७ असा मार खाल्ल्यावर एका पत्रकाराने भर परिषदेत विचारलं, मुलीने याहून चांगल्या प्रशिक्षकाशी लग्न करायला हवं होतं असं वाटतं का? मॅरिनेली यांनी तोल सोडला नाही. नेमणुकीतली चूक असेल तर ती जरूर काढावी. पण हरलेल्या कमांडरच्या घरात शिरू नये.

शहराचे दिवसही वाईट होते. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव. त्याच हिवाळ्यात मोटार कंपन्यांचे प्रमुख वॉशिंग्टनला मदत मागत होते. १९ डिसेंबरला जनरल मोटर्स आणि क्रायस्लरसाठी १७.४ अब्ज डॉलरची कर्जं जाहीर झाली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला लायन्सनी घरच्या मैदानावर खेळायचं ही १९३४ पासूनची परंपरा. त्या वर्षी सणाच्या दिवशी गावाने ४७-१० असा पराभव पाहिला. नोकरी धोक्यात असलेल्या कामगाराला रविवारची ती तीन तासांची करमणूकही लाभली नाही.

२८ डिसेंबरला ग्रीन बेमध्ये सोळावा पराभव झाला आणि दुसऱ्या दिवशी मॅरिनेली गेले. तळाच्या संघाला पुढच्या निवडीत पहिला मान मिळतो. त्यातून क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड आला. २७ सप्टेंबर २००९ रोजी वॉशिंग्टनविरुद्ध १९-१४ असा विजय मिळाला. २००७च्या अखेरपासून चाललेली एकोणीस पराभवांची साखळी तिथे तुटली. बाद फेरीतला विजय मात्र १९९२च्या जानेवारीनंतर थेट २०२४च्या जानेवारीत मिळाला. तोही स्टॅफर्ड यांच्याच विरुद्ध, कारण तोवर ते लॉस एंजेलिसच्या संघात गेले होते.

मंडळी, तुमची पलटण असो, कारखाना असो की सहकारी सोसायटी, सलग हार दिसू लागली की मैदानावरच्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एक विचारा : माणसं निवडतो कोण, आणि त्याच्या कामाचा हिशेब शेवटचा कधी घेतला होता? डेट्रॉइटमध्ये हा प्रश्न मोर्चेकरी चाहते २००५ मध्येच विचारत होते. तो मालकाच्या खोलीत पोचायला आणखी तीन हंगाम लागले.

जय हिंद.