टॅपेटची टकटक

श्रोतेहो, विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्याने सांभाळले आहे, त्याला टॅपेटची टकटक काय ते सांगायला नको. आज त्याच आवाजावरून इंग्लंडमधल्या एका मोटारीची हकीगत सांगतो.

अ‍ॅबिंग्डन गावी १९६२ ते १९८० पर्यंत ‘एमजीबी’ ही स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. पुष्कळ मालक तिची देखभाल घरीच करीत. इंजिनाला झडपा आठ. इंजिन थंड असताना रॉकर आणि झडपेचा दांडा यांत इंचाचे पंधरा हजारांश, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर, फट ठेवायची. कोणती झडप केव्हा तपासायची? हिशेब सोपा : बेरीज नऊ! आठवी पुरती उघडली की पहिली, सहावी उघडली की तिसरी. फीलर गेजची पट्टी किंचित अडत सरकली, की नट आवळायचा.

आता गंमत पाहा. फट वाढली की इंजिन टकटकते. हौशी मालक स्क्रू पिळत जातो, आवाज थांबतो, आणि तिथेच घात होतो! तापून लांबलेली झडप मग पुरती मिटत नाही. मिटल्यावरच ती आपली उष्णता बैठकीला देते. ते थांबले की धुराची झडप जळते. थोडी टकटक परवडली, मुकी झडप नको.

याच घराण्यातले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसडरलाही बसले होते. तेलाच्या दाबाने फट आपोआप सांभाळणारे टॅपेटही आले. सोय झाली खरी. पण यंत्राचे बोलणे ऐकण्याची सवय मात्र आपण सोडू नये.