इम्रानचे वारसदार

माझ्या आजोबांनी अली इम्रानला कधी पाहिले नव्हते. पाहणे शक्यच नव्हते, कारण तो उर्दू कादंबऱ्यांतला गुप्तहेर होता. तरीही त्याच्या नावावर भलत्याच कुणी लिहिलेले पुस्तक हाती आले, की पाचदहा पाने वाचून ते मिटत आणि म्हणत, "हा आपला इम्रान नव्हे. कुणीतरी त्याचे कपडे घालून आला आहे."

एका मराठी कारकुनाच्या घरी उर्दू हेरकथा कुठून आल्या, असे आजच्या तरुण वाचकाला वाटेल. आमचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. दरबार, कचेरी आणि वरचे शिक्षण या सगळ्यांची भाषा उर्दू. हैदराबादेत १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शास्त्रविषयही उर्दूतून शिकवीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली तेव्हा आजोबा सोळा वर्षांचे होते. पुढे कचेरीतली भाषा बदलली, पण डोळ्यांना लागलेले वळण राहिले. घरात ते मराठी बोलत, देवापुढे हरिपाठ म्हणत आणि रात्री कंदील जवळ ओढून उर्दू वाचीत. शहागंजाकडे एक दुकानदार भाड्याने पुस्तके देई. अलाहाबादेहून येणारे 'जासूसी दुनिया' आजोबांना तिथेच प्रथम मिळाले.

या पुस्तकांचे लेखक इब्ने सफी. खरे नाव असरार अहमद, जन्म १९२८ चा, गाव अलाहाबाद जिल्ह्यातले नारा. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून 'इब्ने सफी', म्हणजे सफीचा मुलगा. आरंभी ते शाळेत शिकवीत, ही गोष्ट माझ्यासारख्या मास्तराला सांगताना विशेष आनंद होतो. उत्तानपणाशिवाय पुस्तके खपत नाहीत, असे मित्रांच्या बैठकीत कुणी म्हणाले आणि ते खोटे पाडायचे म्हणून त्यांनी लेखणी उचलली, असे सांगतात. मार्च १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया'चे पहिले पुस्तक निघाले. त्याच वर्षी ते कराचीला गेले. पण त्यांची पुस्तके अलाहाबादेतूनही निघत राहिली. मधे सरहद्द आली, वाचक मात्र एकच राहिला.

१९५५ साली त्यांनी 'खौफनाक इमारत' लिहून अली इम्रानला जन्म दिला. हा गडी पहिल्या भेटीत शुद्ध बावळट वाटावा असा. भडक कपडे घालतो, तोंडात चघळायला काहीतरी असते आणि गंभीर प्रसंगी अगदी वेडगळ प्रश्न विचारतो. बाप हेरखात्याचा मोठा अधिकारी, त्याने तर या मुलावर पाणी सोडलेले. घरी सुलेमान नावाचा स्वयंपाकी. या मालक-नोकरांची मुगाच्या डाळीवरून जी भांडणे होतात, ती वाचताना हेरकथा चालू आहे याचाही विसर पडतो. आणि हाच इम्रान गुप्तपणे एका हेरदलाचा प्रमुख 'एक्स-टू' आहे. त्याच्या हाताखालचे लोक फोनवर एक्स-टूचा आवाज ऐकून चळचळा कापतात आणि समोर बसलेल्या इम्रानची यथेच्छ टिंगल करतात!

आणखी एक गंमत सफींनी करून ठेवली होती. इम्रान मोहिमेवर गेला की एक्स-टूच्या जागी कोण बोलणार? त्यासाठी ताहिर नावाचा विश्वासू माणूस त्यांनी आणला. 'ब्लॅक झीरो' हे त्याचे गुप्त नाव. तो हुबेहूब त्याच आवाजात हुकूम देतो आणि कुणाला संशय येत नाही. आपल्या नायकाला बदली माणूस देणाऱ्या या लेखकाच्या स्वतःच्या जागीही एक दिवस बदली माणसे येऊन बसणार होती.

ती वेळ १९६० साली आली. सफींना मनाचा आजार जडला आणि सुमारे तीन वर्षे त्यांची लेखणी बंद पडली. वाचक दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परतू लागले. रिकामी जागा बाजाराला सोसत नाही. एन. सफी आले, नजमा सफी आल्या, नावात एखाददुसरे अक्षर फिरवून आणखी कितीतरी सफी आले. सफीउल्लाहांना इतकी अपत्ये होती हे त्यांनाही ठाऊक नसावे! या पुस्तकांत इम्रान होता, पिस्तुले होती, पळापळ होती. बहुतेकांत नव्हती ती मुगाची डाळ. म्हणजे तो घरगुती विनोद, ज्याच्या आडोशाला तो माणूस आपले शहाणपण लपवी. आजोबांनी पुस्तके मिटली ती याच काळात.

नोव्हेंबर १९६३ मध्ये सफी बरे होऊन 'डेढ मतवाले' घेऊन परतले. अलाहाबादेत त्याचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. एका हेरकथेचे प्रकाशन करायला देशाचा नुकताच पायउतार झालेला गृहमंत्री यावा, यावरून त्या पुस्तकाची वाट किती जणांनी पाहिली असेल ते ओळखावे. पुढे २६ जुलै १९८० रोजी सफी कराचीत वारले. मागे दोन्ही मालांची मिळून सुमारे अडीचशे पुस्तके राहिली. इम्रान मात्र थांबला नाही. मुलतानचे वकील मजहर कलीम यांनी एकट्यानेच त्याच्या शेकडो कथा लिहिल्या. २०१८ मध्ये ते वारले. पाकिस्तानात अशी एक पिढी वाढली की जिने इम्रानला प्रथम पाहिले ते कलीमांच्याच पुस्तकात.

इंग्रजांकडे हेच काम रीतसर कागद करून झाले. इयान फ्लेमिंग यांचा जेम्स बाँड १९५३ चा, म्हणजे 'जासूसी दुनिया'पेक्षा एका वर्षाने धाकटा. फ्लेमिंग १९६४ साली गेले. बाँडचे हक्क सांभाळणाऱ्यांनी पुढचा लेखक स्वतः निवडला. १९६८ मध्ये किंग्स्ली एमिससारख्या नामांकित कादंबरीकाराने रॉबर्ट मार्कम हे टोपणनाव घेऊन एक बाँडकथा लिहिली. १९८१ पासून जॉन गार्डनर आले. फ्लेमिंगच्या कादंबऱ्या १२ आणि गार्डनरच्या स्वतंत्र बाँडकथा १४, म्हणजे दत्तक बापाने जन्मदात्यापेक्षा मुलाला अधिक वर्षे सांभाळले. पुढे रेमंड बेन्सन, सेबॅस्टियन फॉक्स, विल्यम बॉइड, अँथनी हॉरोविट्झ अशी रांगच लागली.

आमच्या मराठीत काय झाले? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू यांनी गिरणगावापासून खेड्यातल्या चावडीपर्यंत माणसांना वाचायची चटक लावली. १९९६ साली बाबुराव गेले. पण त्यांच्यामागून जो मोठा रहस्यकथाकार आला, तो आपला नायक बरोबर घेऊन आला. गुरुनाथ नाइकांचा कॅप्टन दीप निराळा, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद निराळा. दुसऱ्याच्या घरी राहण्यापेक्षा स्वतःचे खोपटे बांधावे, ही आपल्याकडची वृत्ती. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला मात्र २०१७ मध्ये नव्या हातांनी पडद्यावर आणले. भागवत जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. फुरसुंगीचा बन्या तिथे मोठा झाला होता, नव्या काळातले गुन्हे शोधत होता, तरी त्याचे 'ट्टॉक्' ऐकताच चित्रपटगृहातले पन्नाशीचे प्रेक्षक मुलांसारखे हसले.

मी बरीच वर्षे या सगळ्या वारसदारांवर नाराज होतो. स्वतः कादंबऱ्या लिहीत असल्याने असेल, पण दुसऱ्याच्या मानसपुत्राला हात लावणे मला चोरीसारखे वाटे. पैठण आमच्या गावापासून पन्नासेक किलोमीटरवर. वादात मी नेहमी तिथलाच दाखला देई. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षे होत आली तेव्हा तिच्यात पाठभेद आणि घुसडलेल्या ओव्या फार झाल्या होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ती शुद्ध केली आणि यापुढे कुणी तिच्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. नाथांनीच नकार दिला, मग आपण कोण?

पण हा दाखला अर्धाच आहे, हे मला उशिरा उमगले. त्याच नाथांचे भावार्थ रामायण त्यांच्या हातून पुरे झाले नाही. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि १५९९ साली त्यांनी देह ठेवला. पुढचे रामायण त्यांच्या शिष्याने, गावबाने, पुरे केले. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला हा साधाभोळा मुलगा, अशी त्याची कथा आजही सांगतात. अपुरे राहिलेले पुरे करणे आणि पुरे झालेल्यात घुसडणे यांत नाथांच्या अंगणातच भेद केलेला होता. तो मी पाहिला नव्हता.

आजोबा २००४ मध्ये गेले. पुढे पाचसहा वर्षांनी सफींच्या कादंबऱ्या हिंदीत नव्याने निघाल्या. मला उर्दू लिपी येत नाही, म्हणून मी 'खौफनाक इमारत' हिंदीत घेतली. लहानपणी दिवाळीच्या सुटीत आजोबा उर्दू पुस्तक मांडीवर धरून तीच गोष्ट आम्हांला मराठीत सांगत. तिच्यात इम्रान बीबी का मकबऱ्यामागच्या पडक्या हवेलीत शिरे, मशाल विझल्यावर दौलताबादच्या अंधेरीतून भिंत चाचपत निघे आणि घरी आल्यावर सुलेमानशी वरणात हिंग कमी पडल्यावरून भांडे. हिंदी पुस्तक मी दोनदा वाचले. इमारत होती. दौलताबाद कुठेच नव्हते, मकबरा नव्हता, हिंगही नव्हता.

मी आजीला विचारले. ती चकलीचा सोऱ्या पुसत होती. म्हणाली, "अरे, ती तीन वर्षं खरं पुस्तक येईना. खोटी ह्यांना वाचवेनात. तुझा बाप लहान, रोज रात्री इम्रानची गोष्ट मागायचा. मग हे पुस्तक नुसतं समोर धरायचे आणि मनानंच सांगायचे. पुढं खरी पुस्तकं आली, पण तुझ्या बापाला ह्यांचाच इम्रान आवडायचा. मग तुम्हां पोरांनाही तोच सांगितला."

म्हणजे शहागंजातल्या प्रत्येक नकली इम्रानला हुसकावणारे आजोबा स्वतःच एक वारसदार होते! त्यांनी सफींचे नाव चोरले नाही, पैसा घेतला नाही, कागदावर एक ओळ लिहिली नाही. लेखक आजारी आहे, तोवर पोराची गोष्ट तुटू नये, एवढीच त्यांची काळजी. मला आता ब्लॅक झीरो आठवतो. मालक परत येईपर्यंत त्याचाच आवाज सांभाळून धरायचा आणि स्वतःचे नाव कुणाला कळू द्यायचे नाही, हे त्याचे काम.

तेव्हापासून कुणी जुन्या नायकाला पुढे नेतो म्हटले की मी लगेच भुवया उंचावत नाही. पुस्तक उघडतो आणि मुगाची डाळ शोधतो. यंदा माझी दोन पोरे फराळाच्या ताटाभोवती बसली की त्यांना अंधेरीतली गोष्ट सांगायची आहे. शेवट आजोबांचा मला नीट आठवत नाही. तेवढा माझा घालावा लागेल.