वल्हांडणाच्या रात्रीचा घटनाक्रम

निसान महिना, १० तारीख. नऊ अरिष्टं मिसरावर येऊन गेली, तरी इस्राएलींना गुलाम करून ठेवणारा तिथला राजा, फारो, नमलेला नाही. इस्राएली घरोघरी वर्षाचं, निर्दोष असं नर कोकरू किंवा करडू निवडून ठेवतात. चार दिवस ते राखायचं आहे. एवढ्यात घरातल्या मुलांना त्याचा लळा लागलाच असणार.

१४ तारीख, दिवस कलताना. कोकरं कापली जातात. एजोब झुडपाची जुडी रक्तात बुडवून दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला रक्त लावतात; ही खूण दिसेल ते घर मरण ओलांडून जाईल. आता सकाळपर्यंत कुणीही घराबाहेर पडायचं नाही.

रात्र चढते. विस्तवावर भाजलेलं मांस, बेखमीर भाकर, कडू भाजी. हाड मोडायचं नाही. क्रुसावरच्या येशूची हाडं मोडली गेली नाहीत हे सांगताना योहानाच्या शुभवर्तमानाला हीच आज्ञा आठवते. आणि जेवायचं कसं? कंबर कसून, पायात वहाणा, हातात काठी. फारोनं अजून कुणालाही सोडलेलं नाही, तरी ही माणसं प्रवासाच्या वेशात जेवायला बसली आहेत. या साऱ्या कथेत मला याहून मोठं धाडस दिसत नाही. पुढे समुद्र दुभंगला तेव्हा पाण्याची भिंत डोळ्यांसमोर होती. इथे नुसत्या शब्दावर विश्वास आहे.

मध्यरात्र. दहावं अरिष्ट येतं. गादीवरच्या फारोचा ज्येष्ठ पुत्र मरतो, अंधारकोठडीतल्या कैद्याचाही. इस्राएलींचा पुढारी मोशे यानं दिलेल्या इशाऱ्यात जात्यामागच्या दासीचा मुलगाही होता. तिनं कुणाला गुलाम केलं होतं? हा प्रश्न मला सोडवत नाही. ज्यू परंपराही हे दुःख विसरलेली नाही. वल्हांडणाच्या सेडर या जेवणात दहा अरिष्टांची नावं घेताना प्रत्येक नावासरशी पेल्यातला थेंबभर द्राक्षारस काढतात. शत्रूच्या मरणाने आपला आनंदाचा पेला उणा होतो, असा त्याचा अर्थ अनेक घरांत मुलांना सांगतात.

उजाडण्यापूर्वी. आक्रोश उठलेल्या नगरात फारो मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांना बोलावतो, निघून जायला सांगतो, वर स्वतःसाठी आशीर्वादही मागतो. मिसरी लोकच आता घाई करतात, मागितलेलं सोनं-रुपं, कपडे देऊन टाकतात. न फुगलेली कणीक परातींसकट कापडात गुंडाळून खांद्यावर चढते. मोशे पूर्वज योसेफाच्या अस्थी बरोबर घेतो. रामसेसहून सुक्कोथकडे माणसांचा लोंढा निघतो. त्यात इस्राएलाबाहेरचे पुष्कळ लोकही मिसळले, असं निर्गमाच्या पुस्तकात नोंदलेलं आहे. त्यांत जातं सोडून आलेली एखादी दासी असावी, असं मला मनापासून वाटतं.